शेवटच्या सहा ओळी

हे मी आजवर कुणापुढं बोललेली नाही. नवऱ्यापुढं नाही, मैत्रिणीपुढं नाही. देवापुढं तर नाहीच, कारण देवापुढं बोलायचं तर आधी स्वतःशी खरं बोलावं लागतं. तुमच्यापुढं बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल — सांगलीत माझ्या हाताखालून गेलेली पोरं काही कमी नाहीत — तर तुम्ही जिला ओळखता ती बाई मी नव्हेच, एवढं तरी आज कळेल.

मी चिडलेली आहे. मध्येच आवाज चढला तर समजून घ्या. नाही — समजून घेऊ नका. आयुष्यभर मला सगळ्यांनी समजूनच घेतलं, त्यातूनच हे झालं.

मी सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. अभ्यासक्रम बदलले, कादंबऱ्या आल्या आणि गेल्या, पण राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं एक सुनीत निवृत्तीपर्यंत माझ्या वाट्याला राहिलं. कवीचं नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. चौदा ओळी. कवीची बहीण मेलेली आहे आणि तो तिच्याशी बोलतो आहे. पहिल्या आठ ओळींत आठवणी — भिंतीवर चढलेली वेल, तिचा थंड पडत चाललेला हात, उशाशी दिवा. आणि जाताना ती त्याला म्हणते: दिवा मालव, मला आता दिसतंय.

मग नववी ओळ येते आणि सुनीत वळतं. शेवटच्या सहा ओळींत कवी स्वतःवरच उलटतो. म्हणतो, दर वर्षी तू जास्त सुंदर होत चाललीस. दर वर्षी मी तुला थोडी थोडी दुरुस्त करतो. आता मला जी आठवते ती तूच होतीस, की माझ्या दुःखानं घडवलेली दुसरीच कुणी? तू खरंच तसं म्हणाली होतीस का?

फळ्यावर आठव्या ओळीखाली मी खडूनं आडवी रेघ ओढायचे. वर आठवण, खाली संशय. शोक माणसाला खोटं बोलायला लावतो आणि ते खोटं माणसाला खरंच वाटतं — असं मी शिकवायचे. चांगलं शिकवायचे. दुसऱ्या वर्गातली मुलं माझ्या त्या तासाला येऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. माझा 'सुनीताचा तास' कॉलेजात गाजलेला होता.

का गाजला होता, ते सांगायचं आहे. पण त्याआधी संजय.

संजय माझा धाकटा भाऊ. आम्ही रहिमतपूरचे. आयटीआय करून तो कुपवाडला एका कारखान्यात लेथवर लागला, आणि लग्न होईपर्यंत दर रविवारी सांगलीत माझ्याकडं जेवायला यायचा. नखांत ऑइल, खिशात मावा. मी त्याला मावा सोड म्हणायचे, तो "उद्यापासनं" म्हणायचा. मी उद्याच्या तासाची तयारी करत बसलेली असले की समोर बसून विचारायचा, "आज कोन मेलं?" मी चिडायचे. मग तो म्हणायचा, "आक्का, तुझ्या पुस्तकात रोज कोन तरी मरतंयच की गं. जेवताना तरी एखादा जिता माणूस वाच."

पुढं तो रहिमतपूरला परत गेला. स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडात स्वतःचं वर्कशॉप टाकलं, शेतातली फणपाळी, पंप असलं काहीबाही दुरुस्त करायचा. मंगलशी लग्न झालं, तेजू झाली. तेजूच्या बारशाला त्यानं मला सगळ्यांत पुढं बसवलं होतं. "माजी बहीण प्रोफेसर हाय," असं जो येईल त्याला सांगत होता — आचाऱ्यालासुद्धा.

मग तोंडात चट्टा आला. मग गाठ. मिरजेला ऑपरेशन झालं आणि त्याची जीभ काढली. थोडी नव्हे, सगळी. जबड्याचा एक भागही गेला. नाकातनं नळी, नळीतनं पातळ पेज.

मिरज माझ्या घरापासून किती लांब? सिटी बस जाते. रिक्षा जाते. मंगलनं फोन केला होता, काही दिवस तुमच्याकडं राहू का म्हणून. मी म्हणाले, दवाखान्याजवळच राहिलेलं बरं गं, रात्री-अपरात्री लागलं तर तू तिथंच असशील. किती सोयीचं वाक्य, नाही? बोलणाऱ्याच्या सोयीचं. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिली.

मी एकदा गेले. एकदाच.

आता जे सांगणार आहे ते लिहिताना मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते आहे. मला वास सहन झाला नाही. जखमेचा वास — शिळं रक्त, औषध, आणि खाली काहीतरी नासलेलं. मी दारातून आत गेले, त्यानं मला बघितलं, हात पुढं केला. आणि मी पदर नाकाला लावला. विचार करून नव्हे, हात आपोआप वर गेला. पण गेला. त्यानं ते पाहिलं. पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला, उशाचा टॉवेल उचलला आणि स्वतःच्या तोंडावर धरला. मला त्रास होऊ नये म्हणून! माझ्यासाठी! आणि मी काय केलं? खुर्ची थोडी लांब ओढून बसले, डॉक्टर काय म्हणतात ते मंगलला विचारलं, आणि कॉलेजात मीटिंग आहे म्हणून उठले. मीटिंग नव्हती.

त्या इंग्रज कवीच्या सुनीतात वास नाही. मी किती वेळा वाचलं असेल ते. वेल आहे, संध्याकाळ आहे, बहिणीचं कपाळ संगमरवरासारखं आहे. बेडपॅन नाही. माश्या नाहीत. मला त्या कवितेचा कधी कधी इतका राग येतो की ते पान फाडून टाकावं वाटतं. मग आठवतं की कविता कुठं पळून गेली नव्हती. पळून मी गेले होते.

पुढं डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. तो रहिमतपूरला पडून होता आणि मंगलचे फोन येत होते. "आक्का, आवं, एकदा येऊन जावा. त्ये लय वाट बघाय लागल्यात." मी म्हणायचे, येते. पेपर तपासायचे आहेत, झाले की येते. बीपी वाढलंय, उतरलं की येते. नवरा म्हणाला, गाडी काढतो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ. त्यालाही मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आता आठवतही नाही, इतकी सफाईनं थाप मारली असणार.

संजय गेला. मी मातीला गेले. आणि सगळ्यांत मोठ्यानं मी रडले. बायकांनी मला धरलं. कुणीतरी म्हणालं, बहिणीचा जीव बघा. मंगल कोपऱ्यात बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संपलं असेल. दहाव्याला भांडी घासता घासता तिनं मला तो कसा गेला ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की ते रोज असं करायचे — आणि तिनं दोन्ही हातांची बोटं गोल करून डोळ्यांवर धरली. चष्मा. म्हणजे मी. चष्मेवाली आली का, असं तो रोज खुणेनं विचारायचा. मंगल ओरडली नाही, रडली नाही. सांगितलं आणि पुढचं पातेलं घेतलं.

हा माझा पहिला गुन्हा. भित्रेपणा. खरं सांगू? एवढाच असता तर मी हे लिहिलं नसतं. माणसं भितात. आजारी माणसापासून पळणारे पुष्कळ असतात. तुमच्या घरातही कुणीतरी असेल. कदाचित तुम्हीच.

त्या वर्षी कॉलेज सुरू झालं आणि ते सुनीत शिकवायची वेळ आली. मी आठव्या ओळीपर्यंत आले. मागच्या बाकावरचा एक मुलगा — हुशार होता, वात्रट होता — म्हणाला, "मॅडम, मरताना कुणी असलं बोलतं का? सिनेमात बोलत्यात." वर्ग हसला.

आणि मी म्हणाले, "बोलतात. माझा भाऊ बोलला."

वर्ग गप्प झाला.

मी थांबू शकले असते. नाही थांबले. मी सांगितलं की मी त्याच्या उशाशी बसले होते, त्याचा हात माझ्या हातात होता, आणि तो म्हणाला, "आक्का, लाइट बंद कर. डोळ्यांवर येतोय." बस. एवढंच. आणि गेला. मी लाइट बंद केली आणि अंधारात बसून राहिले.

बघा किती हुशारीनं केलं आहे. 'मला आता दिसतंय' हे इंग्रजी वाक्य रहिमतपूरच्या माणसाच्या तोंडी शोभलं नसतं, म्हणून मी ते काढून टाकलं. साधं केलं. घरगुती केलं. खोटं बोलायचं तर तपशील लहान ठेवावा, हे मला कवितेनंच शिकवलं. ज्या माणसाला जीभ नव्हती, त्याच्या तोंडात मी वाक्य घातलं. मुली रडायला लागल्या — पहिल्या बाकावरची, मग तिच्या शेजारची. तो वात्रट मुलगा तासानंतर येऊन माझ्या पाया पडला.

त्या शांततेची मला चटक लागली. दर वर्षी सांगायला लागले. दर वर्षी थोडं थोडं सुधारत गेले. एका वर्षी खिडकीतून वारा आणला, तो पुढच्या वर्षी काढला, जरा जास्तच वाटला. आणि हे सांगून झाल्यावर मी फळ्याकडं वळायचे, आठव्या ओळीखाली रेघ ओढायचे आणि खालच्या सहा ओळी शिकवायचे — दर वर्षी मी तुला थोडी थोडी दुरुस्त करतो! डोळे फुटले होते का माझे? तोंडानं शिकवत होते आणि हातानं तेच करत होते, आणि मला काही दिसत नव्हतं. की दिसत होतं? दिसत होतं. खोटं कशाला बोलू आता. दिसत होतं आणि मजा येत होती.

मंगलकडं जाणं मी कमी केलं. दिवाळीला फोन, यात्रेला फोन. तेजू बारावी झाली, साताऱ्याला कॉलेजात गेली, एवढं कानावर होतं. कुठली शाखा घेतली, मी विचारलंही नाही.

मग साताऱ्याच्या एका कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं. तेच सुनीत त्यांच्याही अभ्यासक्रमात होतं. 'मॅडम, तुमचा तो तास आमच्या मुलांना मिळू द्या,' असं तिथले विभागप्रमुख म्हणाले. गाडी पाठवली. सभागृह भरलं होतं. शाल, श्रीफळ, झाडाचं रोप. मी बोलायला उभी राहिले आणि त्या दिवशी माझा आवाज असा लागला होता म्हणून सांगू! आठव्या ओळीला आले. भाऊ, उशाशी मी, हातात हात, लाइट बंद कर. विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला.

मग कुणाला प्रश्न आहे का, असं विचारलं, आणि मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. मोठी झाली होती. पण कपाळ आमच्याच घरचं. मी तिला लगेच ओळखलं.

ती मला आत्या म्हणाली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचा भाऊ म्हणजे माझे बाबा. बाबांची जीभ काढली होती. त्यांना बोलता येत नव्हतं." ती खाली बसली नाही. "आणि तुम्ही तिथं नव्हता. मी होते."

झालं. इथंच सगळं संपायला हवं होतं. मी मान खाली घालून म्हणायला हवं होतं, हो बाळ. दोन शब्द. सगळं सभागृह बघत होतं, आणि त्या क्षणी माझ्या पोटात भीती नव्हती — राग होता. त्या पोरीचा राग! माझा तास मोडला म्हणून! हे मी आजवर कबूल केलं नव्हतं, आज करते. मला तिची कीव आली नाही, तिची माया आली नाही. मला वाटलं, ही कोण मला उठून विचारणारी?

मी हसले. शिक्षकाचं ते सगळं समजून घेणारं हसू. माइकवर म्हणाले, "ही माझी भाची. तेजश्री. ये बाळ, पुढं ये." ती आली नाही. मग मीच स्टेजवरून खाली उतरले, तिच्यापर्यंत गेले आणि सगळ्यांसमोर तिला मिठीत घेतलं. माइक हातात होताच.

"ही तेव्हा फार लहान होती," मी म्हणाले. "मुलांनो, आता शेवटच्या सहा ओळी पुन्हा वाचा. कवी काय म्हणतो? शोक आठवणीला बदलतो. हिच्या मनानं वडिलांना मुकं करून टाकलंय. का? कारण त्यांचं शेवटचं बोलणं आपल्याशी झालं नाही, हे त्या लहान जिवाला सोसलं नाही. मी तिथं नव्हते असं तिला वाटतं, कारण तिला तिथं फक्त स्वतःच हवी आहे. यात हिचा काही दोष नाही. हेच ते सुनीत. तुमच्या डोळ्यांसमोर उभं आहे."

टाळ्या पडल्या. ऐकताय ना तुम्ही? टाळ्या पडल्या. माझ्या मिठीत ती लाकडासारखी ताठ उभी होती. हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "आत्या, सोडा मला." मी आणखी थोडा वेळ धरून ठेवलं, कारण फोटो काढत होते.

आभार मानताना कुणीतरी म्हणालं की कविता जगण्यात कशी उतरते याचा आज आम्हाला साक्षात अनुभव आला.

आणि परतीच्या गाडीत मी रडले असेन, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. उंब्रज मागं पडलं, कराड मागं पडलं, मी खूश होते. किती वेळेवर सुचलं मला! ड्रायव्हरनं गाडी थांबवली तेव्हा मी चहाबरोबर भजी खाल्ली. लाज वाटली ती फार नंतर, आणि तीसुद्धा आधी कुणाला कळेल याची वाटली. केल्याची नव्हे.

काही आठवड्यांनी मंगलचा फोन आला. ती कधी माझ्यावर आवाज चढवून बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"आक्का, तुमी आला न्हाईसा, त्याचं मी कवा काय म्हटलं का? कुणापाशी बोलले का? पर पोरीचं डोस्कं कशाला फिरवलं तुमी?"

मी म्हणाले, अगं, तसं काही नाही, ते व्याख्यान होतं.

"ती मला इचारती, आई, बाबा शेवटी बोलत होते का गं? मी म्हटलं, न्हाई बाळा, कुठनं बोलतील? तर म्हनती, तुला तरी नीट आठवतंय का? का तूपण इसरलीस? रोज इचारती, आक्का. समदं कॉलेज तिला म्हनतंय की तुझ्या डोक्यात तसं झालंय, तू लहान होतीस. मास्तरनं बी तेच सांगितलं. तुमी तिला एकदा सांगा. चारचौघांत सांगू नका, माजं तसं म्हननं न्हाई. तिला एकटीला सांगा."

मी म्हणाले, सांगते.

"कवा?"

"या आठवड्यात करते फोन."

केला नाही. आठवडा गेला, महिना गेला, तेजूनं इंग्रजी सोडल्याचं कळलं. इंग्रजी तिनं का घेतलं होतं, तेही तेव्हाच कळलं — आत्या इंग्रजी शिकवते म्हणून. आत्यासारखं इंग्रजी शीक, असं बाबा सांगून गेले होते म्हणे, जीभ असताना. मंगलनं पुन्हा फोन केला नाही. मला बरं वाटलं. बरं वाटलं हो!

एका पोरीकडं बापाचं काय होतं? घर पत्र्याचं. वर्कशॉप विकलं गेलं होतं. तिच्याकडं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं होतं. ते मी चौदा ओळींच्या एका कवितेनं काढून घेतलं. चोर निदान मागच्या दारानं येतो. मी माइक घेऊन गेले.

मागच्या वर्षी तेजूच्या मुलीचं बारसं झालं, पाटणला, तिच्या सासरी. बोलावणं आलं म्हणून गेले. नवरा म्हणाला, भाचीचं आहे, जायलाच हवं. तेजू मला आत्या म्हणाली, पाया पडली, पाणी दिलं. अगदी नीट वागली. पाळणा झाला, जेवणं झाली, बायका पाय पसरून बसल्या. तेजूच्या सासूबाई चांगल्या आहेत, बोलक्या आहेत. त्या म्हणाल्या, "नातीला बघायला तुझे बाबा पायजे होते गं. कसे गेले ते? कवा बोलली न्हाईस."

तेजू बाळाचे कपडे घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नीट आठवत नाही. मी लहान होते. मी काहीतरी वेगळंच धरून बसले होते मनात. आत्या होती त्यांच्याजवळ. आत्याला विचारा."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "व्हय का? काय म्हणाले वो शेवटी?"

मंगल तिथंच होती, बाळाला मांडीवर घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. तेजूचे हात थांबले होते. तिनं मान वर केली होती आणि ती ऐकत होती — माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी ऐकायची तशी. तिला खरंच ऐकायचं होतं. तिच्याकडं दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि मी सांगितलं. पुन्हा तेच. उशाशी मी, हातात हात, लाइट. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. तेजूनं हळूच मान हलवली, जणू एखादा धडा पाठ करून घ्यावा तशी. मंगल उठली, बाळाला तिनं पाळण्यात ठेवलं आणि ती परसात निघून गेली. मागून गेले का मी? नाही गेले. माझ्या हातात घुगऱ्यांची वाटी होती, ती मी संपवली.

ही मी. आता तुम्ही ओळखता मला.

मला आता जे खरं आहे तेवढंच लिहायचं आहे. ते मला मंगलनं सांगितलेलं आहे, दहाव्याच्या दिवशीच सांगितलेलं आहे, आणि तेव्हापासून ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. मी विसरले नव्हते. माझ्या शोकानं काही बदललं नव्हतं. मला शोक झाला होता की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

संजय दुपारी गेला. ऊन होतं, दार उघडं होतं. मंगलनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती ओल्या फडक्यानं त्याची मान पुसत होती. तेजू शाळेतून आली. तिनं पाठीवरचं दप्तर काढलं नाही, तशीच वडिलांच्या पायाशी बसली आणि तिनं त्यांचे दोन्ही पाय धरले. पाय गार लागतात म्हणून ती चोळत राहिली. तो काही बोलला नाही. त्याला बोलता येत नव्हतं. शेवटपर्यंत त्याची नजर तिच्यावर होती.

मी सांगलीत होते. घरात. पंखा लावून झोपले होते.

तेजू खरं बोलत होती.